लिव्हरच्या गळूतून डोळ्याला होणारं इन्फेक्शन

शुगरच्या पेशंटच्या लिव्हरमध्ये पू झाला आणि तिथले जंतू रक्तातून थेट डोळ्यात पोचले की जे होतं त्याला एंडोजेनस एंडोफ्थॅल्मायटिस म्हणतात, म्हणजे डोळ्याला बाहेरून काही लागलेलं नसतं, ऑपरेशन झालेलं नसतं, सगळं आतूनच आलेलं. शुगरमुळे पडदा खराब होतो ती रेटिनोपॅथी वेगळी, ती वर्षानुवर्षं चालते, हे मात्र एकदोन दिवसांतही नजर नेऊ शकतं.

यातला नेहमीचा जंतू म्हणजे क्लेबसिएला न्यूमोनी. नावावरून फुफ्फुसाचा वाटतो पण आतड्यातही गुपचूप राहतो. लिव्हरचं गळू आणि डोळा ही जोडी 1986 साली तैवानच्या डॉक्टरांनी मांडली, तिथून पूर्व आणि आग्नेय आशियात अशा केसेस बऱ्याच सापडल्या आणि आता जगभर दिसतात. के-1 आणि के-2 जातीचे जंतू जास्त डांबरट, त्यांच्याभोवती इतकं जाड बुळबुळीत आवरण असतं की पांढऱ्या पेशींना ते गिळताच येत नाहीत, आणि शुगर वाढलेली असेल तर त्या पेशी आधीच ढेपाळलेल्या. लॅबमध्ये बशीत वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्याला, म्हणजे कॉलनीला, लूप (बारीक कडी) टेकवून वर उचलली की 5 मिलिमीटरपेक्षा लांब तार सुटते, त्यावरून असा बुळबुळीत प्रकार ओळखू येतो.

घोळ होतो तो सुरुवातीला. डोळा लाल, दुखतोय, धूसर दिसतंय, पुढे ठिपके तरंगतायत, म्हणून माणूस डोळ्याच्या डॉक्टरकडे जातो आणि चार दिवसांचा ताप किंवा उजव्या बरगडीखालचं दुखणं सांगतच नाही, कारण त्याचा डोळ्याशी काय संबंध! कधीकधी तर पोटात काहीच दुखत नाही आणि गळू नंतर सोनोग्राफीत सापडतं. बुबुळासमोर खाली पांढरा पू साचलेला दिसला तर नुसत्या ड्रॉप्सवर भागत नाही.

उपचार दोन्हीकडे एकदम चालतात. लिव्हरमधला पू सुईने किंवा नळी टाकून काढतात, शिरेतून सेफ्ट्रियाक्झोनसारखं अँटिबायोटिक काही आठवडे, शुगरसाठी बहुतेकदा इन्शुलिन, आणि डोळ्याच्या आतल्या जेलीत अँटिबायोटिकचं इंजेक्शन, गरज पडली तर ती जेलीच काढून टाकायचं ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. एवढं करूनही नजर बऱ्याचदा परत येत नाही, काहींचा डोळाच काढावा लागतो.

दुसऱ्या डोळ्यातही हे होऊ शकतं. आयसीयूत गुंगीत असलेला पेशंट दिसत नाही म्हणून सांगणार कसा, त्यामुळे क्लेबसिएलाचं गळू निघालं की तक्रार नसली तरी थेंब टाकून दोन्ही पडदे बघून घेतात.