मायनस नंबर की आळशी डोळा?

‘मायनस नंबर आहे’ आणि ‘एक डोळा आळशी आहे’ या दोन्ही निदानांचा अर्थ घरी पोहोचेपर्यंत एकच होतो: पोराला चष्मा लागला. प्रत्यक्षात बिघाड दोन वेगळ्या जागी असतो.

मायनस नंबरात बहुधा नेत्रगोलच मागच्या बाजूला जास्त वाढलेला असतो. मोठ्या माणसाचा डोळा साधारण २४ मिलिमीटर लांब. त्यात एका मिलिमीटरची भर पडली तरी नंबर अडीच-तीनने वाढतो. योग्य भिंग लावलं की लगेच लख्ख दिसतं. आळशी डोळ्याला मात्र योग्य चष्मा लावूनही अक्षरं नीट वाचता येत नाहीत. तिरळेपणा, जन्मजात मोतीबिंदू किंवा दोन डोळ्यांच्या नंबरांतला मोठा फरक यामुळे लहानपणी एका डोळ्याकडून धड चित्र पोहोचत नाही आणि मेंदू त्याला जमेत धरणं सोडतो.

गंमत म्हणजे दोन्हींचा माग एकाच तऱ्हेच्या प्रयोगातून लागला. ह्युबेल आणि वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात मांजराच्या पिल्लांची एक पापणी शिवून ठेवली. काही महिन्यांनी ती उघडली, तर मेंदूतल्या पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देईनात. मोठ्या मांजरांत असं झालं नाही. १९७७मध्ये वीझल आणि राव्हिओला यांनी माकडांच्या पिल्लांत तेच केलं, तेव्हा शिवलेल्या पापणीमागचा डोळा लांब वाढून मायनस झालेला आढळला. म्हणजे डोळ्याची वाढही त्याला काय दिसतं यावर ठरते.

मेंदूची बाजू सर्वांत स्पष्ट दिसली ती भारतात. मेंदूशास्त्रज्ञ पवन सिन्हांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये जन्मांध मुलांवर शस्त्रक्रिया होतात. ८ ते १७ वर्षांच्या अशा पाच मुलांना दृष्टी येताच ठोकळे दाखवले. नुसतं पाहून दोन ठोकळे जुळवणं त्यांना जमलं. पण हाताने चाचपलेला ठोकळा कोणता, हे पाहून ओळखताना जवळजवळ अंदाजपंचेच उत्तरं आली. काही दिवसांतच हे ज्ञान पुष्कळ सुधारलं. २०११मध्ये हे निष्कर्ष आले, आणि मोठ्या वयात मेंदू काहीच शिकत नाही या समजाला तडा गेला. नजरेची तीक्ष्णता मात्र अशा मुलांत सहसा पूर्ण येत नाही.

त्यामुळे आळशी डोळ्याची घाई जास्त, आणि नेमका तोच लपतो. मायनसवालं मूल डोळे बारीक करतं, टीव्हीला चिकटतं. आळशी डोळ्याच्या मुलाचा चांगला डोळा सगळं निभावून नेतो, म्हणून एकेक डोळा झाकून तपासायला हवा. मेंदूला आळशी डोळा वापरायला लावण्यासाठी चांगल्या डोळ्यावर पट्टी लावतात; ती वयाच्या सात वर्षांआधी लावली तर उत्तम. नंतरही काहींना उपयोग होतो. मायनस नंबर लागू नये म्हणून मुलांनी उन्हात खेळलेलं बरं: चीनमधल्या ग्वांगझू शहराच्या शाळांत रोज ४० मिनिटांचा मैदानी तास वाढवल्यावर तीन वर्षांत मायनस नंबर लागलेली मुलं ३९.५ऐवजी ३०.४ टक्के निघाली.

औषधानेही गोंधळ वाढतो, कारण अ‍ॅट्रोपिनचे थेंब दोन्हींत देतात. मायनसची वाढ रोखायला ते अगदी सौम्य असतात आणि सहसा दोन्ही डोळ्यांत घालतात. आळशी डोळ्याच्या उपचारात तेच तीव्र स्वरूपात, तेही चांगल्या डोळ्यात, तो मुद्दाम धूसर करायला. शेजारच्या मुलाची बाटली उसनी आणू नये ती यासाठी.