हौद्यातलं घर आणि जुना पिकअप : स्लाइड-इन कॅम्परची पार्श्वभूमी

अमेरिकेत किंवा कॅनडात राहिलेल्या मराठी माणसाने महामार्गावर हे वाहन कधी ना कधी पाहिलेलं असतंच. पिकअपच्या हौद्यात अख्खी खोली बसवलेली आणि तिचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर छज्ज्यासारखा आलेला. छज्ज्यात झोपायची गादी, मागे ओटा, गॅसची शेगडी, छोटा फ्रिज आणि पाण्याची टाकी. ही खोली चेसिसला वेल्ड केलेली नसते. तिच्या कोपऱ्यांना जॅक लावायचे, ती हौद्यातून वर उचलायची आणि खालून ट्रक पुढे काढून घ्यायचा. ट्रक पुन्हा माल वाहायला मोकळा. हाच स्लाइड-इन कॅम्पर.

चाळीस-पन्नास वर्षांच्या जुन्या पिकअपवर असा कॅम्पर चढवण्याची हौस तिकडे आजही टिकून आहे. ट्रकला हे वजन पेलेल का, कॅम्पर हौद्यात नीट बसेल का, टायर कुठले घालावेत, हे प्रश्न प्रत्येकाला पडतात आणि ते पिकअपइतकेच जुने आहेत. माझ्या मते या वाहनाचा सगळा इतिहास वजनाचा आहे. कॅम्पर आधी वाढला, ट्रक त्याच्या मागून वाढला आणि नियम सगळ्यांत शेवटी आले. जुना ट्रक घेणारा माणूस या घडामोडीतल्या नेमक्या एका टप्प्यावर उभा असतो. तो टप्पा कोणता, हे कळलं की निम्मे प्रश्न सुटतात.

फोर्डने १९२५ मध्ये आपल्या मॉडेल टी या मोटारीला कारखान्यातच हौदा लावून विकायला सुरुवात केली. त्याआधीही लोक मोटारीच्या सांगाड्यावर लाकडी खोल्या बांधून फिरत होते, पण त्या कायमच्या ठोकलेल्या असत. काढता-घालता येणारी खोली ही मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. १९४५ च्या ऑगस्टमध्ये पेट्रोलचं रेशनिंग उठलं. पाण्याने न सुटणारं प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचा पत्रा हे युद्धात मुरलेलं सामान सर्वसामान्यांच्या हाती आलं. पश्चिमेकडच्या राज्यांत शिकारीला आणि मासेमारीला जाणाऱ्यांकडे पिकअप होताच. आठवडाभर तो शेतीच्या किंवा बांधकामाच्या कामाला लागायचा आणि शनिवार-रविवारी मोकळा असायचा. कॅलिफोर्नियात, तसंच मिशिगनमध्ये, छोट्या शेडांमधून या खोल्या तयार होऊ लागल्या. रचना साधी होती. दोन इंची लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, आतून पातळ प्लायवूड, बाहेरून पत्रा. दोन गाद्या, एक शेगडी, एक बर्फाची पेटी. अशा खोलीचा भार त्या काळचा ट्रक विनातक्रार वाहायचा.

अलास्का महामार्ग १९४२ मध्ये लष्करासाठी बांधला गेला आणि १९४८ मध्ये सर्वसामान्यांना खुला झाला. कच्चा रस्ता, सुसाट वारा आणि मुक्कामाच्या सोयी विरळ. उंच खोली घेऊन तिथे जाणं जिकिरीचं होतं. त्यावरचा उपाय म्हणून १९५० च्या दशकात अलास्कन कॅम्पर आला. याची वरची अर्धी खोली खालच्या अर्ध्या खोलीवर डब्याच्या झाकणासारखी उतरते. भिंती कापडाच्या नाहीत, टणकच आहेत आणि वर-खाली करायला हायड्रॉलिक पंप आहे. वजन आणि उंची यांचा इतका मुळातून विचार करणारी रचना त्या दशकात दुसरी नव्हती असं मला वाटतं. जुन्या पिकअपच्या शौकिनांमध्ये या कॅम्परला आजही मान आहे, आणि तो रास्त आहे.

१९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य महामार्गांचा कायदा झाला. एक्केचाळीस हजार मैलांचं जाळं विणायचं ठरलं आणि लांबचा प्रवास मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १९६० मध्ये लेखक जॉन स्टाइनबेक पाऊण टनी वर्गाच्या (टन म्हणजे भार वाहण्याचा वर्ग) जीएमसी पिकअपवर कॅम्पर बसवून आपल्या कुत्र्यासह देशभर हिंडले. डॉन किहोतेच्या घोड्यावरून त्यांनी गाडीचं नाव रोसिनांते ठेवलं होतं. ती गाडी कॅलिफोर्नियात सॅलिनासच्या संग्रहालयात कॅम्परसकट उभी आहे. तिथे ती जवळून पाहताना मागची चाकं आणि खोलीचा मागचा दरवाजा यांच्यामधलं अंतर बघावं. खोली चाकांच्या मागे फार लोंबकळत नाही. पुढच्या दहा वर्षांत नेमकं हेच बदललं.

साठच्या दशकात कॅम्परमध्ये गॅसवर चालणारा फ्रिज आला, हीटर आला, न्हाणीघर आलं, मैलापाण्याची टाकी आली. आठ फुटी हौद्यावर दहा-अकरा फुटी खोल्या बसू लागल्या, म्हणजे दोन-तीन फूट भाग फाळक्याच्या जागेपलीकडे हवेत. वजन वाढलंच, शिवाय ते मागे सरकलं. मागच्या ॲक्सलच्या मागे गेलेला भार पुढची चाकं उचलायला बघतो. स्टिअरिंग हलकं लागतं, पुढचे ब्रेक नीट धरत नाहीत आणि बाजूने मोठा ट्रक गेला की गाडी डोलायला लागते.

गाडी बनवणाऱ्या कंपन्यांना हे दिसत होतं, आणि त्यात धंदाही दिसत होता. फोर्डने १९६५ च्या सुमारास ‘कॅम्पर स्पेशल’ नावाचं पॅकेज काढलं आणि इतरांनीही त्याच वाटेने आपापली मॉडेलं आणली. जाड पाट्यांच्या कमानी, मोठा रेडिएटर, जास्त क्षमतेची बॅटरी आणि अल्टरनेटर, बाहेर आलेले रुंद आरसे, कॅम्परसाठी तयार वायरिंग असा तो सगळा संच. आज जुन्या बाजारात फेंडरवर ‘कॅम्पर स्पेशल’चा बिल्ला असलेला ट्रक दिसला तर त्याकडे आदराने पाहावं. मात्र बिल्ला फेंडरसकट बदलता येतो. खरं उत्तर कमानीतले पाटे मोजून आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये किंवा दाराच्या चौकटीवर असलेली वजनाच्या मर्यादेची पट्टी वाचून मिळतं.

शेवरलेची गोष्ट वेगळी. १९६० ते १९७२ या काळातल्या त्यांच्या टू-व्हील ड्राइव्ह, अर्धा आणि पाऊण टनी पिकअपना मागे बहुतेक करून कॉइल स्प्रिंग असत. रिकाम्या गाडीत बसायला फार आरामदायी, पण उंच खोली घेऊन वळताना गाडी झुकते. म्हणून १९६८ मध्ये त्यांनी ‘लाँगहॉर्न’ आणला. यात मागे पाट्यांच्या कमानी, १३३ इंचांचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) आणि साडेआठ फुटी हौदा होता. हौद्याच्या पुढच्या टोकाला जोडलेला सहा इंचांचा तुकडा आणि त्याची उभी शिवण बाहेरूनही दिसते. ती शिवण म्हणजे गंजलेला किंवा ठोकलेला ट्रक नव्हे. जुन्या गाड्यांच्या बाजारात अजाण माणूस तिला अपघाताची खूण समजतो.

त्यानंतर १९७३ साल आलं. या विषयात इतकं महत्त्वाचं वर्ष दुसरं नाही. फोर्डने एफ-३५० चा ‘सुपर कॅम्पर स्पेशल’ काढला. त्याचा व्हीलबेस १४० इंचांचा होता. हौदा आठ फुटीच ठेवून मागचा ॲक्सल आणखी मागे नेला, म्हणजे खोलीचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या पुढे पडावा. स्टेपनी कॅम्परच्या खालून काढणं अशक्यच असतं, म्हणून तिला हौद्याच्या बाजूच्या पत्र्यात दार करून जागा दिली. एखाद्याने पावसात, रस्त्याकडेला, कॅम्परखाली झोपून स्टेपनी काढायचा प्रयत्न केला असेल तर या दाराची किंमत त्याला सांगावी लागणार नाही. जनरल मोटर्सने त्याच वर्षी एक टनी पिकअपला मागे दुहेरी चाकं कारखान्यातूनच दिली.

आणि त्याच वर्षापासून अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाचा ट्रक-कॅम्परच्या भाराविषयीचा नियम लागू झाला. त्यातला ट्रक बनवणाऱ्यांना लागू असणारा भाग आजही नियमसंहितेत ५७५.१०३ या क्रमांकाखाली आहे. त्याचा गाभा दोन गोष्टींचा आहे. एक, हौद्यावर किती पौंड चालतील हे कंपनीने लेखी सांगायचं, आणि तो आकडा काढताना केबिनमधल्या प्रत्येक सीटमागे १५० पौंड आधीच वजा करायचे. दोन, भाराचा गुरुत्वमध्य हौद्याच्या कोणत्या पट्ट्यात पडला पाहिजे, त्याचं चित्र द्यायचं. मला हा नियम अतिशय शहाणा वाटतो. त्याने कुणाला बंदी केली नाही, मालकाच्या हातात हिशेब दिला. पण १९७३ च्या आधीच्या ट्रकला हा कागद नाही. तिथे हिशेब स्वतःच मांडावा लागतो.

तो कसा, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. पट्टीवर गाडीचं कमाल एकूण वजन ७,५०० पौंड, म्हणजे सुमारे ३,४०० किलो लिहिलंय. पेट्रोल भरून रिकामा ट्रक काट्यावर ४,७०० भरला. राहिले २,८००. तीन सीटचे ४५० वजा केले की हाती २,३५०. आता विकणारा म्हणतो कॅम्पर १,८०० पौंडांचा आहे, म्हणजे साडेपाचशे पौंड शिल्लक! पण १,८०० हे कोरडं वजन. ३० गॅलन पाण्याचे २५०, प्रोपेनच्या दोन भरलेल्या सिलिंडरचे ७५, बॅटरीचे ५०, भांडी-कपडे-किराणा-हत्यारं मिळून ३०० धरले तर २,४७५ होतात. मर्यादा ओलांडली. आणि हा सभ्य अंदाज आहे. जुन्या लाकडी सांगाड्याने वर्षानुवर्षं पाणी प्यायलेलं असेल तर कंपनीच्या पट्टीवरचं कोरडं वजनसुद्धा खरं राहत नाही.

‘पाऊण टनी ट्रक म्हणजे पाऊण टनच वाहणार’ किंवा उलट ‘जुने ट्रक लोखंडी होते, काहीही वाहतात’ अशी दोन्ही टोकाची मतं ऐकू येतात. दोन्ही चूक. अमेरिकन टन २,००० पौंडांचा, त्यामुळे पाऊण टन म्हणजे १,५०० पौंड. पण साठच्या दशकापर्यंत हे नुसतं वर्गाचं नाव उरलं होतं आणि खरी क्षमता त्याहून बरीच जास्त झाली होती. दुसऱ्या बाजूला, नव्यापणी जे आकडे होते ते नव्या कमानीचे, नव्या ब्रेकचे होते. १९७५ मध्ये आलेल्या फोर्ड एफ-१५० चं उदाहरण बोलकं आहे. तिचं कमाल वजन ६,००० पौंडांच्या जरा वर ठेवण्यामागे प्रदूषणाच्या नियमातून सुटण्याचा हिशेब होता. तिला मोठा कॅम्पर पेलण्यासाठी घडवलेलं नव्हतं.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, पाठोपाठ ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आली आणि अवजड खोल्यांची हवाच गेली. मोठा कॅम्पर घेणारा वर्ग तसाही मोटरहोमकडे, म्हणजे इंजिनासकट एकसंध बांधलेल्या घराकडे, वळू लागला होता. टोयोटा आणि डॅटसनच्या छोट्या पिकअपसाठी हलक्या खोल्या निघाल्या, छत वर उचलून कापडी भिंती उघडणारे पॉप-अप आले, लाकडाऐवजी ॲल्युमिनियमचा सांगाडा आला. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात फायबरग्लासच्या दोन कवचांचे कॅम्पर बनू लागले. त्यांत सांधेच कमी, त्यामुळे गळतीही कमी. माझा कौल जुन्या ट्रकसाठी याच काळातल्या हलक्या पॉप-अपला किंवा सुस्थितीतल्या अलास्कनला जातो. १९७० च्या आसपासची अकरा फुटी, न्हाणीघरवाली खोली त्याच काळच्या पाऊण टनी ट्रकवर ‘शोभते’ हे खरं, पण ती जोडी त्या काळीही अवघडच होती.

जोडी जुळवताना आणखी एक पेच येतो तो हौद्याच्या कठड्याचा. जुन्या ट्रकचे कठडे बुटके, आजच्या ट्रकचे उंच. म्हणून जुना कॅम्पर नव्या ट्रकवर नेला की त्याचे पंख, म्हणजे कठड्यावरून बाजूला आलेले भाग, कठड्याला टेकतात आणि खाली प्लायवूडचा थर द्यावा लागतो. जुन्या ट्रकवर जुना कॅम्पर बरोबर बसतो. हौदाही तेव्हा सर्रास आठ फुटी असायचा. आज साडेपाच-साडेसहा फुटी हौद्यांचाच सुकाळ आहे. जुना ट्रक शोधत हिंडणाऱ्यांचं हे एक मोठं कारण आहे. नवा, रुंद कॅम्पर मात्र जुन्या ट्रकवर घालताना केबिनच्या टपापासूनचं अंतर आणि मागचे दिवे झाकले जातात का, हे आधी मोजावं.

बांधण्याची पद्धतही बदलत आली. पूर्वी साखळी आणि टर्नबकल घेऊन खोली बंपरला किंवा हौद्याच्या पत्र्यातल्या खाचांना आवळत. पन्नास वर्षांच्या ट्रकचा तो पत्रा आतून गंजलेला असतो, झटका बसला की फाटतो. आता चेसिसला पकडणारे स्वतंत्र हात मिळतात. जुन्या गाडीला तेच लावावेत. खोलीखाली रबराची मॅट टाकली की ती घसरत नाही. कॅम्परचे जॅक जिथे बसवलेत त्या कोपऱ्यांतलं आणि छज्ज्याच्या नाकातलं लाकूड स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावं. कुजायला तिथूनच सुरुवात होते.

आणि टायर. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी पाऊण टनी ट्रकना १६.५ इंची रिम आहेत. त्यांची टायर बसण्याची कड १५ अंशांनी उतरती असते आणि त्या मापाचे टायर आता मुश्किलीने मिळतात. इथे काहीजण १६ इंची टायर जबरदस्तीने चढवायला जातात. हवा भरताना त्याची कड तुटून टायर फुटतो, आणि ते जिवावर बेततं. रस्ता एकच आहे. आठ बोल्टच्या, पुरेशा क्षमतेच्या १६ इंची रिम शोधायच्या आणि त्यावर लोड रेंज ईचे, म्हणजे जड भार पेलणाऱ्या दर्जाचे, टायर घालायचे. एलटी२३५/८५आर१६ या मापाचा असा एक टायर ८० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवेला ३,०४२ पौंड पेलतो, म्हणजे मागची जोडी ६,०८४. मग पाणी, गॅस, सामान आणि माणसं भरून ट्रक-स्टॉपच्या काट्यावर जायचं आणि पुढचा-मागचा ॲक्सल वेगवेगळा तोलून घ्यायचा. मागचा आकडा टायरच्या क्षमतेत बसला तरी तेवढ्यावर थांबू नये, कारण ॲक्सलची आणि रिमची मर्यादा बहुधा त्याहून कमी असते, आणि तिघांतली सगळ्यांत कमी असेल तीच धरायची.