झॉम्बी प्रोसेस

युनिक्स वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये काम संपलेली, पण प्रोसेस-तक्त्यात नोंद शिल्लक असलेली प्रोसेस (चालवलेला प्रोग्रॅम). तिची मेमरी आणि उघड्या फाइल्स मोकळ्या झालेल्या असतात. उरतो तो प्रोसेस क्रमांक, समाप्तीचा निकाल आणि वापरलेल्या वेळेचा हिशेब. तिला सुरू करणाऱ्या जनक प्रोसेसने ‘वेट’ हा सिस्टीम कॉल (ऑपरेटिंग सिस्टीमला केलेली विनंती) करून निकाल उचलला की नोंद पुसली जाते. प्रत्येक अपत्य प्रोसेस क्षणभर या अवस्थेतून जातेच. ती रेंगाळली तरच दोष मानावा, आणि तो दोष जनकाचा.

या जनक-अपत्य रचनेच्या उगमाबद्दल एकमत नाही. ‘फोर्क’ची, म्हणजे एका प्रोसेसमधून दुसरी सुरू करण्याची, कल्पना मेल्विन कॉनवे यांच्या १९६३ मधील निबंधापर्यंत नेली जाते. युनिक्सचे एक निर्माते डेनिस रिची यांनी मात्र युनिक्समधील फोर्क जवळपास त्याच रूपात बर्कली विद्यापीठाच्या ‘जीनी’ टाइम-शेअरिंग (एकच संगणक अनेकांना वाटून देणाऱ्या) प्रणालीत होता असे नमूद केले आहे. युनिक्सपुरती रिची यांची साक्ष अधिक वजनाची ठरावी. कॉनवे यांची कल्पना बर्कलीमार्गे, युनिक्स जिथे घडले त्या बेल प्रयोगशाळेत पोचली असणेही शक्य आहे. झॉम्बी ही वेगळी अवस्था निदान युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीच्या (१९७५) मूळ कोडमध्ये ‘एसझॉम्ब’ या नावाने स्पष्ट दिसते. पुढे युनिक्सच्या सिस्टीम फाइव्ह आणि बीएसडी या शाखांत फरक पडला. अपत्य संपल्याचा संकेत जनकाने दुर्लक्षित ठेवल्यास सिस्टीम फाइव्हमध्ये झॉम्बी उरत नसे, बीएसडीत उरत असे. पॉझिक्स या युनिक्स-मानकाच्या २००१ च्या आवृत्तीने पहिली रीत मान्य केली.

झॉम्बीचा शोध प्रोसेसची यादी देणाऱ्या ‘पीएस’ आज्ञेने घ्यावा. अवस्थेच्या रकान्यात ‘झेड’ आणि नावापुढे ‘डिफंक्ट’ दिसते. अशा प्रोसेसला ‘किल -९’ (सक्तीने बंद करण्याची आज्ञा) देऊन उपयोग नाही, कारण ती आधीच संपलेली असते. जनकाचा क्रमांक (पीपीआयडी) काढून त्याला आधी ‘सिगचाइल्ड’ (अपत्य संपल्याचा) संकेत पाठवावा. तो दाद देत नसेल तर जनकच बंद करावा. मग अपत्ये क्रमांक १ च्या ‘इनिट’ या पहिल्या प्रोसेसकडे जातात आणि तो त्यांचा निकाल उचलतो. लिनक्स ३.४ पासून हे काम दुसऱ्या नेमलेल्या प्रोसेसकडेही देता येते. कंटेनरमध्ये (प्रोग्रॅमला वेगळे ठेवणाऱ्या कप्प्यात) क्रमांक १ वर साधा अनुप्रयोग बसवलेला असतो आणि त्याला हे काम येत नसेल, तर झॉम्बी साचत जातात.

नांदेड, लातूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या अभियांत्रिकी प्रयोगशाळांत याची गाठ बहुधा फोर्कच्या प्रात्यक्षिकात पडते. विद्यार्थी कंट्रोल-झेड दाबतो आणि प्रोग्रॅम बंद झाला असे समजतो. प्रत्यक्षात जनक ‘टी’ अवस्थेत थांबलेला असतो आणि संपलेली अपत्ये त्याच्या नावावर तशीच पडून राहतात. ‘एफजी’ आज्ञा देऊन जनक पुढे आणावा व कंट्रोल-सीने संपवावा, म्हणजे सगळी नाहीशी होतात. सामाईक सर्व्हरवर असे साचत गेले तर खात्याची प्रोसेस-मर्यादा भरते आणि नवा फोर्क ‘रिसोर्स टेम्पररिली अनअव्हेलेबल’ म्हणून नाकारला जातो. भारनियमनामुळे किंवा कुलूप लावताना रोज बंद होणाऱ्या संगणकावर ही गळती लक्षातच येत नाही. तोच प्रोग्रॅम इन्व्हर्टरवर अखंड चालणाऱ्या यंत्रावर गेला की उघडी पडते. म्हणून यंत्र पुन्हा सुरू करणे हा उपाय धरू नये, जनकाच्या कोडमध्ये ‘वेटपिड’ (‘वेट’चाच प्रकार) घालावे.

‘डी’ अवस्थेतील प्रोसेसही ‘किल’ला दाद देत नाही, पण ती जिवंत असते आणि सहसा डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइल-व्यवस्थेच्या उत्तराची वाट पाहत असते, तिथे जनक शोधून काही साधत नाही.