क्योटोतील देवळे पाचला बंद होतात: जपान सहलीच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

सहलीचा कार्यक्रम हाती पडला की बहुतेक प्रवासी आम्हाला दोन प्रश्न विचारतात. क्योटोत तीन रात्री कशासाठी, आणि सकाळी सव्वासहाला हॉटेलच्या लॉबीत जमण्याचा आग्रह कशासाठी? दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच असल्यामुळे ते येथे सविस्तर लिहीत आहोत.

देऊळ म्हटले की ते शेजारतीपर्यंत उघडे असणार, हे आपण गृहीत धरतो. दिवसभर भटकावे, खरेदी उरकावी आणि दिवेलागणीला निवांत दर्शनाला जावे, ही आपली सवय क्योटोत फार महाग पडते. किंकाकुजी, गिंकाकुजी, रियोआन्जी, सांजुसांगेन्दो ही मंदिरे पाचच्या सुमारास बंद होतात, हिवाळ्यात काही त्याआधीच, आणि काही ठिकाणी प्रवेश त्याच्याही अर्धा तास आधी थांबतो. निजो किल्ल्यात चारनंतर आत जाता येत नाही. दारावरचा कर्मचारी कमरेतून वाकून अत्यंत नम्रपणे क्षमा मागतो, पण आत सोडत नाही. ‘फक्त पाच मिनिटे’ ही आपली विनंती तेथे चालत नाही.

उशीर होण्याचे कारण आळस नव्हे, हे आम्हालाही मान्य आहे. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने तेथे सकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेतीनच झालेले असतात. मग आठला उठणे, अंघोळी, नाश्ता आणि कोणाचा तरी विसरलेला चष्मा, असे करत बाहेर पडायला दहा वाजतात. तोपर्यंत किंकाकुजीच्या तळ्याकाठी माणसांची भिंत उभी राहिलेली असते. दोन ठिकाणे पाहून जेवण होईपर्यंत तीन वाजतात, आणि डिसेंबरात तर सूर्य पाचच्या आत मावळतो.

पूर्वी आम्ही एक दिवस मोकळा ठेवत असू. एका नोव्हेंबरात एक कुटुंब त्या दिवशी असेच उशिरा निघाले आणि सांजुसांगेन्दोला पोहोचले तेव्हा तिकिटे नुकतीच बंद झाली होती. त्यांना बाहेरची भिंत तेवढी दिसली. आत सुमारे 120 मीटर लांबीच्या लाकडी दालनात सहस्रभुज अवलोकितेश्वराच्या, म्हणजे करुणेच्या बोधिसत्त्वाच्या, 1001 मूर्ती ओळीने उभ्या आहेत. मधली तेवढी बसलेली. मूळ वास्तू 1164 सालची, ती जळाल्यावर 1266 मध्ये पुन्हा उभारलेली. पण आपल्या प्रवाशांचे पाय खिळतात ते 28 रक्षक देवतांपाशी, कारण त्या मूळच्या भारतातल्या आहेत. जपानीत ‘कारुरा’ म्हणून ओळखला जाणारा आपला गरुड येथे चोच असलेल्या चेहऱ्याने बासरी वाजवत उभा आहे. आत छायाचित्रे घेण्यास मनाई असल्याने हे सारे दुसऱ्या कोणाच्या मोबाइलवर पाहण्याचीही सोय नाही. त्या दिवसापासून मोकळा दिवस आम्ही कार्यक्रमातून काढून टाकला.

आता आम्ही घड्याळ पाहून शहर विभागतो. कियोमिझुदेरा सकाळी सहालाच उघडते, म्हणून पहिला दिवस तेथून सुरू होतो. 1633 साली बांधलेल्या मुख्य मंदिराचा लाकडी सज्जा दरीवर सुमारे 13 मीटर उंच उभा आहे. सातच्या आधी तेथे झाडूचा आवाज ऐकू येतो. दहानंतर शेजारच्या माणसाचेही बोलणे ऐकू येत नाही. तेथून उतरून सांजुसांगेन्दो उघडण्याच्या वेळी आपण दारात असतो. दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडची अराशियामा येथील बांबूची वाट सकाळीच चालून मग रियोआन्जी आणि किंकाकुजी पाहतो. रियोआन्जीच्या अंगणातले 15 दगड कोठेही बसले तरी सगळे एकाच वेळी दिसत नाहीत, त्यामुळे तेथे घाई करणाऱ्याला काहीच मिळत नाही. किंकाकुजीचा सोनेरी मंडप मात्र अर्ध्या तासात पुरेसा पाहून होतो. 1950 साली मूळ वास्तू जळाली आणि आज दिसते ती 1955 सालची आहे.

तिसरा दिवस क्योटोजवळच्या नारा शहराचा. तेथील तोदाइजी मंदिरातल्या महाबुद्धाच्या नेत्रोन्मीलनाचा, म्हणजे मूर्तीचे डोळे उघडण्याचा, विधी 752 मध्ये बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने केला, हे ऐकून मूर्तीकडे पाहण्याची आपली नजरच बदलते. परतताना नारा रेल्वेमार्गावरच इनारी स्थानक लागते. रॅपिड गाडी तेथे साधारणपणे थांबत नाही, म्हणून आम्ही मुद्दाम संथ लोकलने येतो. फुशिमी इनारी हे शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थान रात्रंदिवस उघडे असते आणि प्रवेशशुल्क नाही. हजारो तांबड्या तोरी कमानींखालची वाट दिवे लागल्यावर अधिकच खुलते. सकाळचा मोलाचा वेळ येथे खर्च करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे, मग व्हिडिओंत काहीही सांगितलेले असो. वसंतात आणि पानगळीच्या दिवसांत काही मंदिरे रात्री खास उघडतात. आपल्या तारखा जुळत असतील तर ते कार्यक्रमात घेतलेले असते.

क्योटो आणि नारा एकाच दिवसात दाखवणाऱ्या सहली स्वस्त पडतात, यात शंका नाही. आमचे दर थोडे अधिक आहेत, कारण आमचा मुक्काम क्योटो स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर असतो आणि शहरातल्या खच्चून भरलेल्या बसऐवजी आम्ही शक्य तेथे रेल्वे वापरतो. मोठ्या बॅगा टोकियोहून आदल्या दिवशीच घरपोच सामानसेवेने पुढे पाठवतो, त्यामुळे प्रवासाच्या दिवशीही सकाळ वाया जात नाही.

हॉटेलातला नाश्ता आपल्या निघण्याच्या वेळेआधी मिळत नाही. म्हणून आदल्या रात्री प्रत्येकाला फळे आणि ब्रेड दिला जातो. खोलीत पाणी तापवण्याची किटली असते, चहाची पुडी आणि चिवडा घरून आणावा. लेस नसलेले बूट घालावेत, कारण ते दिवसातून अनेकदा काढावे लागतात.

ज्यांना पहाटे उठणे प्रकृतीमुळे जमणार नाही, त्यांनी नोंदणीच्या वेळीच सांगावे. त्यांच्यासाठी साडेनऊला निघणारा वेगळा कार्यक्रम आम्ही आखून देतो. त्यात ठिकाणे कमी असतात, परंतु प्रत्येक ठिकाणी दार उघडे असेल याची काळजी घेतलेली असते.