बिडीनं तोंड धुतलं जातं का?

परभणी-हिंगोलीकडं पारावर आणि मोबाइलवरही एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: जेवणानंतर बिडी ओढली की लाळ सुटते, तोंड धुऊन निघतं, दात किडत नाहीत.

लाळ सुटल्याचा अनुभव खोटा नाही. धूर तोंडात गेल्यावर थोडा वेळ ती वाढू शकते. पण अनेक वर्षं ओढणाऱ्यांची लाळ बहुधा कमी होते आणि आंबटपणाकडं झुकते. खरी मेख इथंच आहे. लाळेतलं बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडतं, कॅल्शियम आणि फॉस्फेट दाताची बारीक झीज भरून काढतात. तोंडातला पीएच (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण 5.5 च्या खाली गेला की दातावरचं कवच विरघळायला लागतं. हिरड्यांतून रक्त कमी येतंय म्हणून निर्धास्त राहू नका. निकोटिननं रक्तवाहिन्या आकसतात, आतला आजार झाकला जातो.

पडताळा घरीच घेता येतो. दीड तास खाणंपिणं, बिडी बंद ठेवा. मग काही न चघळता 5 मिनिटं औषधाच्या मापाच्या टोपणात लाळ जमवा. अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी भरली तर दाताच्या डॉक्टरांना दाखवा. फक्त मे महिन्यातल्या भर दुपारी मोजू नका, अंगातलं पाणी कमी झाल्यावरही तोंड कोरडं पडतं.