पार्श्वभूमी : ‘सलोखा’ आला कुठून?

सणासुदीला पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक भरली की एक शब्द हटकून कानी पडतो : सलोखा. गावच्या पारावर तो इतका रुळला आहे की परका वाटतच नाही. पण त्याचं मूळ अरबीत आहे, ‘सुलूक’ या शब्दात.

त्या धातूचा अर्थ वाटेनं जाणं. त्यावरून रीत, वागणूक. सूफी परंपरेत साधनेच्या वाटेला सुलूक म्हणतात आणि त्या वाटेवरच्या साधकाला सालिक. हिंदी-उर्दूत हा शब्द आजही वागणुकीपुरताच आहे. सुलूक तिथं चांगला असतो तसा वाईटही असतो. फारसीच्या हातून मराठीत आला तेव्हा मात्र त्याची वाईट बाजू गळाली. पेशवाईच्या कागदपत्रांत ‘सलूख’ दिसतो तो तहाच्या, मिटवामिटवीच्या अर्थानं. त्याचाच पुढे सलोखा झाला. (अकबराच्या ‘सुलह-इ-कुल’ म्हणजे सर्वांशी शांततेच्या धोरणातला ‘सुलह’ अर्थानं जवळचा असला, तरी त्याचा धातू वेगळा.)

मला या शब्दातलं जुनं ‘वागणं’ अजून जिवंत दिसतं. समेट एका बैठकीत होतो, तडजोडीत दोघांनाही काही सोडावं लागतं. सलोख्यानं मात्र राहायचं असतं, रोज.

भिवंडीत हे घडलेलं आहे. 1984 च्या दंगलीनं ते गाव होरपळलं होतं. 1988 मध्ये तिथं आलेले पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एका मोहल्ल्यातले हिंदू आणि मुसलमान पोलिसांसोबत नेमानं एकत्र बसू लागले, तेही काही बिघडलेलं नसताना. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली.

2023 मध्ये राज्य सरकारनं हाच शब्द शेताच्या बांधावर नेला. एकाच्या नावची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याची पहिला, अशी भांडणं पिढ्यान्‌पिढ्या चालतात. ताबा किमान 12 वर्षांचा असेल, तर 1000 रुपये मुद्रांक शुल्क आणि 1000 रुपये नोंदणी फी भरून दोघांना अदलाबदलीचा दस्त करता यावा, अशी ही तरतूद. नाव ठेवलं ‘सलोखा योजना’. दोघांचीही संमती असल्याशिवाय तो दस्त होत नाही.