ढापलेला की बेतलेला? मराठी सिनेमातल्या उसन्या गोष्टींची पार्श्वभूमी

पुण्यात सिनेमा सुटल्यावर पार्किंगमधून गाडी काढता काढता कुणीतरी म्हणतंच, "ढापलाय रे." मूळ सिनेमाचं नावही तो सांगतो. दोन तास पोटभर हसलेली मंडळी खजील होतात, आपण फसलो असं त्यांना वाटायला लागतं. 'ती फुलराणी'चा विषय निघाला की मात्र हाच माणूस शब्द बदलतो. पु. ल. देशपांड्यांचं ते नाटक बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' या इंग्रजी नाटकावर 'बेतलेलं' असतं. दोन्हीकडे केलंय एकच, दुसऱ्याची गोष्ट घेऊन ती आपल्या भाषेत मांडली. तरी एकाला चोरी म्हणायचं आणि दुसऱ्याला कला, हा भेद कुठून आला हे पाहायचं तर बरंच मागे जावं लागतं.

गोष्ट नवीच असली पाहिजे, ही अपेक्षा आपल्याकडे उशिरा आली. सदाशिव पेठेतल्या नारद मंदिरात कीर्तनाला बसलेल्या आजीबाईंना उत्तररंगातलं, म्हणजे कीर्तनाच्या दुसऱ्या भागातलं आख्यान बुवांइतकंच पाठ असतं. हरिश्चंद्राचं राज्य जाणार, तारामती विकली जाणार, रोहिदासाला साप चावणार. तरी त्या जागेला पदर डोळ्यांकडे जातो. बुवा आख्यान कुठे थांबवतात, मध्येच कोणता दृष्टान्त आणतात, पद कशा चालीत उचलतात, यावर त्यांचं नाव होतं. कथानक त्यांचं नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि त्यात कुणाला काही कमी वाटत नाही.

त्याच हरिश्चंद्राला दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पडद्यावर आणलं. फाळक्यांना सिनेमाचं वेड लागलं ते येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरचा मूकपट पाहून. ख्रिस्ताच्या जागी त्यांच्या मनात राम-कृष्ण उभे राहत होते, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. पुढे १९३२ साली प्रभात फिल्म कंपनीने 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला, तोही हरिश्चंद्राचाच. मूकपट आणि बोलपट, दोन्हींचं पहिलं पाऊल एकाच जुन्या गोष्टीत पडलं.

नाटकात तर उसनवारी हा हमरस्ताच होता, आणि तो पुण्यातून जातो. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक केले. नाटक कालिदासाचं, आणि असं गाणारं नाटक मराठीत करायची उमेद पारशी नाटक मंडळींची 'इंद्रसभा' पाहून आलेली. पण कालिदासाने तरी ही गोष्ट कुठून घेतली? महाभारताच्या आदिपर्वातून. तिथला दुष्यंत शकुंतलेला विसरत नाही. सगळं आठवत असताना भर दरबारात तिला नाकारतो आणि ती त्याला खडे बोल सुनावते. दुर्वासाचा शाप नाही, अंगठी नाही, अंगठी गिळणारा मासा नाही. हे सगळं कालिदासाने घातलं आणि एका कोडग्या राजाचा विरहाने झुरणारा नायक झाला. मला स्वतःला महाभारतातली शकुंतला जास्त आवडते, तिच्या जिभेला धार आहे. पण उचलेगिरीचा आरोप कालिदासावर झालेला मी कधी ऐकला नाही, आणि तो होऊही नये.

गोविंद बल्लाळ देवलांच्या 'संशयकल्लोळ'पाशी थोडं थांबावं असं वाटतं. फ्रेंच नाटककार मोलिएरने १६६० साली संशयी नवऱ्याचा एक फार्स लिहिला. त्यावरून आर्थर मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजी नाटक केलं. मर्फीवरून देवलांनी १८९३ साली 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा' लिहिलं आणि तेच पुढे पदांसह १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' म्हणून आलं. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली: फाल्गुनराव, अश्विनशेठ, कृत्तिका, रेवती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे रेवतीला त्यांनी कलावंतिणीची मुलगी केलं. त्यासरशी तसबिरीच्या गोंधळाखाली एक खरा प्रश्न आला. अशा घरात जन्मलेल्या मुलीच्या प्रेमावर प्रतिष्ठित गृहस्थ विश्वास ठेवेल का, तिच्याशी लग्न करेल का? हा प्रश्न लंडनहून किंवा पॅरिसहून आलेला नाही. तो त्या काळच्या महाराष्ट्राचा आहे, आणि म्हणून नाटक आजही उभं राहतं.

यात लपवाछपवी नव्हती. आगरकरांनी १८८३ साली 'हॅम्लेट'चं 'विकारविलसित' केलं ते शेक्सपिअरचं नाव झाकून नव्हे. मराठीत यासाठी वेगवेगळे शब्दही तयार झाले: भाषांतर, रूपांतर, स्वैर रूपांतर, छायानुवाद. शेजारून वाटीभर साखर आणली तर ती उसनी आणलीय हे घरात सांगून ठेवायचं, म्हणजे परत करायचं लक्षात राहतं. हे शब्द त्याच रीतीचे आहेत. थिएटर अकॅडमीने १९७८ साली पुण्यात 'तीन पैशाचा तमाशा' केला तेव्हाही मूळ जर्मन नाटककार ब्रेश्टचं नाव उघड होतं, आणि ब्रेश्टने १७२८ सालच्या जॉन गेच्या ऑपेरावरून आपलं नाटक घेतलं हेही जाणकार सांगत होते.

प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापूरहून पुण्यात आली. इथे तिने केलेल्या 'कुंकू'ची (१९३७) गोष्ट नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीतली. तरुण मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न हा विषय देवलांनी १८९९ सालीच 'शारदा' नाटकात मांडला होता. तिथे वधूवर एकाच गोत्राचे निघतात आणि लग्न मोडतं, शारदा सुटते. 'कुंकू'मधल्या नीराचं लग्न लागून गेलेलं असतं. शारदेला जे भोगावं लागलं नाही तिथून नीराची गोष्ट सुरू होते आणि ती त्या नवऱ्याला नवरा मानायलाच नकार देते. विषय तोच, पण अडतीस वर्षांनी प्रश्न पुढे सरकलाय. मौलिकता म्हणून काही असेल तर मला ती अशा सरकण्यात दिसते.

मग लाज कधी शिरली? माझ्या मते मूळ वस्तू प्रेक्षकाला सहज दिसायला लागली तेव्हा. मर्फीचं नाटक पाहिलेला माणूस पुण्यात मिळणं अवघड होतं. सिनेमाचं तसं नव्हतं. प्रभातच्या जागेवर १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आलं, आणि पी. के. नायर यांनी जमवलेल्या रिळांमधून जगभरचा सिनेमा या शहरातल्या मुलांना दिसू लागला. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ कॅसेटने हीच सोय घरोघरी नेली, प्रेक्षकांच्याही आणि निर्मात्यांच्याही. गोष्ट घेणं सोपं झालं आणि पकडणंही. त्याच काळात घेतल्याचं सांगण्याची रीत मात्र सैल झाली.

या सगळ्यात 'पिंजरा' (१९७२) मला सर्वांत बोलका वाटतो. व्ही. शांताराम यांच्या या सिनेमाचा सांगाडा 'द ब्लू एंजल' या १९३० सालच्या जर्मन सिनेमाचा, आणि तो स्वतः हाइनरिश मानच्या कादंबरीवरचा. शिस्तीचा मास्तर नाचणाऱ्या बाईपायी धुळीला मिळतो, इथपर्यंत दोन्ही एक. पुढे मराठी सिनेमा वेगळ्याच वाटेने जातो. आपल्या मास्तरांचा खून झाला असं गाव समजतं आणि आदर्श टिकावा म्हणून मास्तरही तसंच समजू देतात. गावात त्यांचा पुतळा उभा राहतो, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाच्या आरोपावरून ते फासावर जातात. पुण्याचे डॉ. श्रीराम लागू तो मास्तर जगले. माणसापेक्षा त्याचा पुतळा मोठा होणं हे जर्मन गोष्टीत नाही, ते आपल्या गावागावांतून आलंय.

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पुण्यातच घडतो. भाड्याची खोली मिळेना म्हणून दोन पुरुष बायका होतात, ही गोष्ट हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'ची (१९६६), आणि तीही 'जय माँ काली बोर्डिंग' या १९५५ सालच्या बंगाली सिनेमावरून घेतलेली. मराठीत ती रुजायला जमीन तयार होती. पुरुषाने लुगडं नेसणं बालगंधर्वांपासून आणि तमाशाच्या गौळणीतल्या मावशीपासून आपल्या ओळखीचं. आचार्य अत्र्यांची 'मोरूची मावशी' तर इंग्रजी 'चार्लीज आँट'चीच मराठी बहीण. शिवाय संवाद लिहायला वसंत सबनीस होते, 'विच्छा माझी पुरी करा' लिहिलेले. लोकनाट्याची हजरजबाबी त्यांनी पुण्याच्या भाडेकरूंच्या तोंडी दिली. घरमालकाची कुरकुर आणि बिऱ्हाड शोधण्याची वणवण ज्याने इथे अनुभवली, त्याला ती गोष्ट परकी वाटणं शक्य नव्हतं.

सगळीच उसनवारी इतकी फळली असं नाही. महेश कोठारे यांचा 'धुमधडाका' (१९८५) मूळ १९६४ च्या तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'चा, हिंदीतल्या 'प्यार किये जा'वरून आलेला. तो त्या मुळाशी बराच चिकटून राहतो. 'झपाटलेला'त (१९९३) बाहुल्यात शिरणारा खुनी अमेरिकन सिनेमातून आला, पण मंत्र देणारा बाबा, गावचा फौजदार आणि रामदास पाध्यांचा बाहुला यांनी तात्या विंचूला मराठी केलं. बाकी अनेक सिनेमांनी नुसतीच नावं बदलली. कपडे मराठी, माणसं नाहीत. त्यांना कच्चे म्हणावं, पण कारण योग्य द्यावं. गोष्ट बाहेरून आली म्हणून ते कच्चे नाहीत, आल्यावर तिच्यात काही घातलं नाही म्हणून आहेत.

कायदाही साधारण याच वाटेने गेला. आर. जी. आनंद यांच्या 'हम हिंदुस्तानी' या नाटकावरून 'न्यू दिल्ली' (१९५६) हा सिनेमा उचलला, असा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९७८ साली निकाल लागला: कल्पना, विषय किंवा कथानक यांवर कुणाची मालकी नसते, मालकी असते ती मांडणीवर. दोन्ही कृती पाहणाऱ्याला दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असं निःसंशय वाटलं, तरच हक्कभंग. आनंद हरले. निकाल मला पटतो, नाहीतर हरिश्चंद्रालाही मालक शोधावा लागला असता. पण कोर्टात गुन्हा ठरत नाही एवढ्यावर नाव गाळण्याची मुभा मिळत नाही. श्रेयनामावलीतली एक ओळ ही मूळ लेखकाची मिळकत असते, अनेकदा एकुलती एक.

अलीकडे हक्क रीतसर विकत घेण्याची पद्धत रुळली आणि मराठी देणारीही झाली. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (२०१६) कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगालीत आणि 'धडक' म्हणून हिंदीत गेला. पळून जाणाऱ्या प्रेमिकांची गोष्ट 'सैराट'चीही स्वतःची नव्हती, ती जगात सर्वांत जुन्या गोष्टींपैकी आहे. करमाळ्याचा परिसर, विहिरीतली उडी, आर्चीची बुलेट, आणि जातीने केलेला तो शेवटचा हिशेब मंजुळ्यांचा होता.

'बनवाबनवी'चे संवाद माझ्या पिढीला तोंडपाठ आहेत. त्याचं मूळ कोलकात्याच्या एका बोर्डिंगात आहे हे मला फार उशिरा कळलं. त्यानंतर तो पुन्हा पाहिला तेव्हा एकही विनोद कमी झाला नव्हता. फक्त तो बंगाली सिनेमा आता मला पाहायचा आहे.